लाल मिरची आणि हिरवं पान एकाच राखाडीत का जातं? रंगीत फोटो कृष्णधवल करण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवापूर भागातल्या मिरचीच्या वावरात तोड्याच्या वेळी काढलेले रंगीत फोटो आहेत. गिम्प या फुकट मिळणाऱ्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये 'डिसॅच्युरेट' (रंग काढून टाकणं) केलं की लाल मिरची पानांत दिसेनाशी होते, तोडणाऱ्या बायांचे चेहरे काळवंडतात आणि सगळा फोटो राखेसारखा होतो. फोटोशॉप विकत घेतल्याशिवाय हे सुधारेल का? शिवाय गावातल्या स्टुडिओत शोकपत्रासाठी आणि जुन्या लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंसाठीही कृष्णधवल करून द्यावं लागतं, त्याचं काय?

फोटोशॉप लागत नाही. गिम्प पुरतं, फक्त त्यातलं चुकीचं बटण दाबलं जातंय.

रंगीत फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. कृष्णधवल करायचं म्हणजे या तीन आकड्यांचा एक आकडा करायचा. तो कसा करायचा हे तुम्ही ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर ठरवतं. गिम्पच्या 'डिसॅच्युरेट'मधला 'लुमा' हा पर्याय लालचे सुमारे २२ टक्के, हिरव्याचे ७२ टक्के आणि निळ्याचे ६ टक्के घेतो. माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यांत जास्त जाणवतो म्हणून हे प्रमाण. सूत्र चूक नाही, पण त्याला तुमच्या फोटोत महत्त्वाचं काय आहे ते कळत नाही.

आता मिरचीचाच हिशोब करू. उन्हातल्या पिकल्या मिरचीचे आकडे साधारण लाल १९०, हिरवा ६०, निळा ५० असे धरा. बाजूच्या पानाचे लाल ७०, हिरवा ९८, निळा ४०. वरच्या सूत्राने मिरची येते ८८ आणि पानही येतं ८८. रंगात जमीन-अस्मानाचा फरक, राखाडीत शून्य. म्हणून मिरची 'हरवते'. नंतर कॉन्ट्रास्ट कितीही वाढवा, ती परत येणार नाही. दोन्हींचा आकडा एकच झाला की कर्व्ह (उजेड कमी-जास्त करायची वक्ररेषा) दोघांनाही एकाच जागी नेतो.

तोच फोटो फक्त लाल चॅनलमधून, म्हणजे नुसत्या लालच्या आकड्यांतून पाहिला तर मिरची १९० आणि पान ७०: गडद पानांवर उजळ मिरची. फक्त हिरव्या चॅनलमधून पाहिला तर मिरची ६० आणि पान ९८: फिकट पानांवर काळसर मिरची. दोन्ही फोटो खरे आहेत. कोणता हवा हे तुम्ही ठरवायचं, आणि कृष्णधवलचं निम्म्याहून जास्त काम या एका निर्णयात असतं.

आधी तिन्ही चॅनल पाहून घ्या

मिक्सरला (तिन्ही चॅनल हव्या त्या प्रमाणात मिसळायचं टूल) हात लावण्याआधी फोटो तीन तुकड्यांत उघडून बघायची सवय लावा. गिम्पमध्ये 'कलर्स → कॉम्पोनंट्स → डीकंपोज' उघडा, कलर मॉडेल आरजीबी निवडा आणि 'डीकंपोज टू लेयर्स'वर खूण ठेवा. नवीन खिडकीत तीन कृष्णधवल थर मिळतात. एकेक थर बंद-चालू करत शंभर टक्के झूमवर पाहा. फोटोशॉपवाल्यांना हेच कंट्रोल+३, ४, ५ वर दिसतं आणि कंट्रोल+२ ने पूर्ण फोटो परत येतो.

यात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, विषय आणि पार्श्वभूमी कोणत्या चॅनलमध्ये सगळ्यांत जास्त वेगळी दिसते. दुसरी, कोणतं चॅनल खराब आहे. बहुतेक वेळा निळं. सेन्सरवर प्रत्येक चार बिंदूंमध्ये दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. घरातल्या पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा प्रकाश मुळातच कमी, म्हणून कॅमेरा तो जास्त वाढवून घेतो आणि त्याबरोबर दाणेही (ठिपक्यांची खरखर) वाढतात. तिसरी, एखादं चॅनल २५५ ला जाऊन फुटलं आहे का. गुलाल, हळद, लाल-केशरी फेटा, पळसाची फुलं या गोष्टींमध्ये लाल चॅनल सर्रास फुटतं, आणि साध्या एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) ते दिसतही नाही. फुटलेल्या चॅनलवर भर देऊन मिक्स केलं तर फेट्याच्या चुण्या जाऊन सपाट पांढरा डाग उरतो. असा फोटो हिरव्या चॅनलकडे झुकवा, किंवा रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर आधी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरवून पुन्हा बाहेर काढा.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) रंगीत असतानाच नीट करा. 'शेवटी कृष्णधवलच करायचंय, रंग कशाला सुधारायचे' हा समज चुकीचा आहे. मांडवातल्या पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं झालेलं असेल तर चेहरा, भिंत आणि साडी एकाच रंगाच्या पट्ट्यात येतात आणि त्यांना वेगळं करणारा एकही स्लायडर उरत नाही.

मिक्सर

मूळ थराची नक्कल करून घ्या (कंट्रोल+शिफ्ट+डी). नकलेवर 'कलर्स → डिसॅच्युरेट → मोनो मिक्सर' उघडा. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे ०.३३३ वर उभे असतात. तिघांची बेरीज १ राहिली की एकूण उजेड ढळत नाही. 'प्रिझर्व्ह ल्युमिनॉसिटी'वर खूण केली की ती काळजी सॉफ्टवेअर घेतं.

मिरचीच्या फोटोला सुरुवात लाल ०.७, हिरवा ०.३, निळा ० पासून करा. कागदावरच्या हिशोबाने मिरची १५१ आणि पान ७८ येतं. पडद्यावर आकडे थोडे वेगळे येतील, कारण काही टूल आतून रेषीय प्रकाशात हिशोब करतात, पण दिशा तीच राहते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे बहुतेकांचा वेळ वाया जातो. बेरीज १ असेल तर मिक्सर फक्त रंगीत गोष्टी हलवतो. पांढरी टोपी तिन्ही चॅनलमध्ये २३५ असेल तर कुठल्याही प्रमाणात मिसळा, ती २३५ च राहणार. धोतर, फुटलेलं बोंड, गवळाऊ जातीचा पांढरा बैल, काळी माती, डांबरी रस्ता, हे सगळं जवळजवळ बिनरंगी. म्हणून पऱ्हाटीच्या वावरातल्या वेचणीच्या फोटोत मिक्सरशी तासभर खेळून कापूस सुधारत नाही. तिथे पान आणि साडी तेवढी हलेल. कापसाचा प्रश्न एक्स्पोजरचा आणि कर्व्हचा आहे: फोटो काढतानाच बोंडाची पोत २४०–२४५ च्या आत ठेवायची, मग सावल्या कर्व्हने उचलायच्या. बोंड एकदा २५५ झालं की ते कोरा कागद.

याच नियमाचा फायदाही आहे. उन्हात राबलेल्या, रापलेल्या चेहऱ्याचे आकडे समजा लाल १५०, हिरवा १००, निळा ७५ आहेत. लुमाने तो चेहरा ११० वर येतो आणि पांढऱ्या टोपीखाली काळवंडलेला दिसतो. लाल ०.६, हिरवा ०.४ केलं की चेहरा १३० च्या आसपास येतो आणि टोपी जागची हलत नाही. म्हणजे टोपीची घडी न घालवता चेहऱ्यात जीव येतो. हेच ब्राइटनेस वाढवून करायला गेलात तर टोपी आधी जाते.

चेहऱ्याच्या बाबतीत लाल चॅनल सगळ्यांत गुळगुळीत असतं, मुरमं, वांग, डाग त्यात विरघळतात. निळ्यात ते सगळे उठून दिसतात. पण शंभर टक्के लाल घेऊ नका: ओठ चेहऱ्यात मिसळतात, कुंकू नाहीसं होतं आणि चेहरा मेणाचा दिसतो. कुंकू जाणं ही बारीक बाब नाही, आजीचा फोटो घरच्यांना दाखवला की पहिली नजर तिथेच जाते. स्त्रियांच्या पोर्ट्रेटला लाल ०.४५, हिरवा ०.४५, निळा ०.१० ही सुरक्षित सुरुवात आहे. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हव्या असतील तर हिरवा वाढवा. आणि चेहरा गोरा करून देण्याचा मोह टाळा. उजेडातला गाल १२०–१६० च्या दरम्यान आला की चेहरा नीट वाचता येतो, त्यापुढे माणूस ओळखू येईनासा होतो.

काही गिऱ्हाइकांना 'जुन्या स्टुडिओतल्यासारखा' फोटो हवा असतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून त्या फोटोंत ओठ आणि लाल काठ गडद असतात आणि कातडीची पोत दिसते. लाल ०, हिरवा ०.६, निळा ०.४ ने तो बाज येतो. मोबाइलच्या फोटोवर हे करू नका, निळ्यातले सगळे दाणे वर येतील.

आकाश

ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावरचं आकाश साधारण लाल ९५, हिरवा १४५, निळा २१० असतं आणि ढग तिन्हींत २४० च्या आसपास. लाल चॅनलमध्ये आकाश ९५ आणि ढग २४०, म्हणजे ढग कापून काढल्यासारखे उठतात. पूर्वी लेन्सवर लाल किंवा नारिंगी काच लावून हेच केलं जायचं.

मे महिन्यातलं आकाश २००, २०५, २१२ असं असतं. धूळ आणि उष्ण वाफारा. त्यात रंगच नाही, मग मिक्सर हलवणार काय? तिथे निळा स्लायडर तळाला नेला तर आकाश गडद होत नाही, उलट डागाळतं. अशा फोटोत आकाश कापून टाका किंवा ते पांढरंच राहू द्या. दुसऱ्या फोटोतले ढग चिकटवणं हा उपाय नाही. वावरातल्या सावल्या भर दुपारच्या आणि ढग संध्याकाळचे, हे शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

सहा किंवा आठ स्लायडरवाली पद्धत

फोटोशॉपच्या 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये सहा रंगांचे स्लायडर आहेत, लाइटरूममध्ये आठ. यात चॅनल मिसळत नाहीत, रंगछटेप्रमाणे उजेड कमी-जास्त होतो. काम झटपट होतं, पण तीन अडचणी ठाऊक असू द्या.

पानं 'हिरव्या'त नसतात. वरच्या मिरचीच्या पानाची छटा रंगचक्रावर सुमारे ८९ अंश येते, म्हणजे पिवळा (६०) आणि हिरवा (१२०) यांच्या बरोबर मधोमध. झाडीपट्टीतल्या बांधीतला कोवळा धान तर ७० अंशांच्या आसपास, पिवळ्याला चिकटून. म्हणून शेतशिवाराच्या फोटोत आधी पिवळा स्लायडर हलवा, हिरवा नंतर.

दुसरी अडचण नारिंगीची. रापलेला चेहरा सुमारे २० अंशांवर असतो, वरूड-मोर्शीकडचा पिकला संत्रा ३० च्या आसपास, मुरमाड लाल माती आणि विटाही त्याच भागात. लाइटरूममध्ये नारिंगी स्लायडर वेगळा आहे, फोटोशॉपमध्ये तो लाल आणि पिवळ्यात वाटला जातो. कुठेही गेलात तरी चेहरा उजळवला की हातातला संत्राही उजळणार. मास्कशिवाय (थराचा काही भाग झाकायची सोय, पुढे येते) ते दोन सुटे होत नाहीत.

तिसरी अडचण कडांची. शेजारच्या दोन रंगांचे स्लायडर विरुद्ध टोकांना नेले की जिथे छटा हळूहळू बदलते तिथे चिरा आणि पांढऱ्या कडा उमटतात: आकाशाला टेकलेल्या डोंगराच्या रेषेवर, कपड्याच्या काठावर. लगतच्या स्लायडरमध्ये ४०–५० पेक्षा जास्त अंतर पडलं की झूम करून कडा तपासा. मोठ्या छपाईसाठी चॅनल मिक्सरच जास्त भरवशाचा, गुळगुळीत निघतो. रोजच्या कामाला सहा स्लायडर चालतात.

मोबाइलवरच करायचं असेल तर स्नॅपसीडच्या 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये खाली रंगीत काचांचे पर्याय आहेत: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. तेही चॅनलचंच मिश्रण आहे. वरचा सगळा विचार तिथे लागू होतो, फक्त बारीक आकडे देता येत नाहीत.

एका मिश्रणाने भागत नाही तेव्हा

मिरचीचा फोटो पुन्हा घ्या. लाल वाढवून मिरची उजळली, चेहराही सुधारला. पण तोडणारीने लाल लुगडं नेसलं असेल तर तेही पांढुरकं होऊन मिरचीच्या ढिगात मिसळेल. एकाच फोटोला दोन निर्णय हवेत, आणि ते दोन थरांवरच घेता येतात.

रंगीत मूळ थराच्या दोन नकला करा. खालच्या नकलेवर लाल ०.७, हिरवा ०.३ ने मिक्स करा: मिरची आणि चेहऱ्यासाठी. वरच्या नकलेवर लाल ०.१५, हिरवा ०.८, निळा ०.०५ ने: लुगड्यासाठी. वरच्या थरावर 'लेयर → मास्क → ॲड लेयर मास्क' मधून काळा मास्क लावा, म्हणजे तो थर पूर्ण झाकला जातो. आता मऊ कडेच्या ब्रशने, पांढऱ्या रंगाने, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) ३० टक्के ठेवून लुगड्यावर हळूहळू रंगवा. दोन-तीन हात फिरवले की पुरे. पहिल्याच झटक्याला शंभर टक्के ओपॅसिटीने रंगवलं की कड करवतीने कापल्यासारखी दिसते. ब्रशचा आकार लुगड्याच्या सगळ्यांत अरुंद पट्टीच्या निम्मा ठेवा, आणि काठापाशी ब्रश आणखी लहान करा.

हीच युक्ती पोळ्याच्या फोटोंना हमखास लागते. झूल लाल, शिंगांना रंग, बेगड चकाकणारी, बैल पांढरा आणि बाजूला मालकाचा सावळा चेहरा. बैल बिनरंगी म्हणून मिक्सरने हलत नाही, झूल आणि चेहरा दोन्ही लाल-नारिंगी म्हणून एकत्र हलतात. झूल गडद आणि चेहरा उजळ हवा असेल तर मास्कला पर्याय नाही.

गिम्प ३.० मध्ये, म्हणजे २०२५ पासून, बरेच फिल्टर मूळ थर न बिघडवता लावता येतात आणि नंतर आकडे बदलता येतात. २.१० मध्ये तसं नाही, म्हणून खालचा रंगीत थर कधीही पुसू नका आणि काम एक्ससीएफमध्येच (गिम्पची स्वतःची फाइल, थर त्यात शाबूत राहतात) सेव्ह करा. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात कंट्रोल+एस दर टप्प्याला.

पट्टे, चौकोन आणि दाणे

जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवलेली असते. उजेडाची मात्र पूर्ण असते. रंगीत फोटोत डोळ्याला ते कळत नाही. पण मिक्सरने लाल किंवा निळ्यावर फार भर दिला की तुम्ही ती अर्धवट माहिती उघड्यावर आणता, आणि आकाशात किंवा गालावर १६×१६ पिक्सेलचे चौकोन दिसू लागतात. ऋण आकडे (निळा −०.५ वगैरे) दिले की हे आणखी वाढतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोला तर दोनदा दाबलेलं असतं. तिथे लाल ०.५ च्या वर आणि निळा ०.१ च्या वर नेऊ नका, ऋण आकडे अजिबात नकोत.

उपाय मुळाशीच आहे: शक्य तिथे रॉ काढा, मोबाइलमध्ये सोय असेल तर डीएनजी (रॉचाच एक प्रकार). कॅमेऱ्याचा मोनोक्रोम मोड रॉ सोबत लावला तर पडद्यावर कृष्णधवल दिसतं आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतो. नुसत्या जेपेगवर तो मोड लावला तर रंग कायमचे गेले, मिक्सरला काही उरलं नाही.

आकाश, भिंत अशा सपाट भागात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे येत असतील तर ८ बिटमध्ये (प्रत्येक चॅनलला फक्त २५६ पायऱ्या) फार ताणलं गेलंय. गिम्प २.१० पासून 'इमेज → प्रिसिजन → १६ बिट इंटिजर' आहे. २.८ वर अडकलेले असाल तर आवृत्ती बदला, तिथे ८ बिटच आहे. कर्व्हच्या आधी १६ बिट करा, नंतर करून उपयोग नाही. एवढं करूनही पट्टे उरले तर शेवटी अगदी हलका दाणा टाका. थोडा दाणा पट्टे मोडतो आणि छापल्यावर दिसतही नाही.

कर्व्ह

मिश्रण मनासारखं झालं की मगच कर्व्ह. काळा बिंदू आणि पांढरा बिंदू (सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ जागा) लेव्हल्सने बसवा, मग कर्व्हला एस अक्षरासारखा हलका बाक द्या. काळ्या मातीच्या फोटोत सावल्या पार ० ला पाडू नका: पाऊस पडून गेल्यावरच्या काळ्या मातीची पोत २० ते ५० च्या दरम्यान असते, एस जरा जोरात ओढला की वावराचा डांबरी रस्ता होतो. धुऱ्यावरची, बंडीखालची सावली तेवढी खरी काळी असू द्या.

एखादा भाग उजळ-गडद करायला ५० टक्के राखाडी भरलेला नवा थर घ्या, मोड 'सॉफ्ट लाइट', आणि त्यावर पांढऱ्या किंवा काळ्या मऊ ब्रशने ५ ते १० टक्के ओपॅसिटीने काम करा. शार्पनिंग सगळ्यांत शेवटी, छपाईच्या आकाराला आणल्यावर.

जुने रंगीत फोटो आणि डागाळलेले फोटो

इथे कृष्णधवल हा शौक नाही, दुरुस्ती आहे. टिनाच्या घरात, उन्हाळ्याच्या उकाड्यात पेटीत राहिलेले १९८०–९० च्या काळातले लग्नाचे रंगीत फोटो लालसर झालेले असतात. कागदातला निळसर-हिरवा, म्हणजे सायन रंग आधी उडतो. सायन हा लाल प्रकाश अडवणारा रंग, तो गेला की लाल चॅनलमध्ये चित्रच उरत नाही, सगळं फिकट पांढरं. अशा फोटोला रंग परत आणण्यात तास घालवण्यापेक्षा स्कॅन करून फक्त हिरवं चॅनल घ्या. बहुतेक वेळा नवरा-नवरी त्यातच पूर्ण मिळतात, मुंडावळ्यांसकट. इथे लाल ०.६ चा नेहमीचा नुस्खा उलटा पडतो, म्हणून आधी चॅनल पाहा असं वर म्हटलं.

मूळचाच कृष्णधवल फोटो असेल तरी तो रंगीत मोडमध्ये स्कॅन करा, ग्रेस्केलमध्ये नाही. पिवळे पडलेले डाग, चहाचे डाग निळा प्रकाश शोषतात, म्हणून निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. पूजेतलं कुंकू किंवा लाल शाई लागलेली असेल तर तेही लाल चॅनलमध्ये पुसट होतं. उलट निळ्या पेनाने फोटोवर काही लिहिलेलं असेल तर ती शाई लाल चॅनलमध्ये ठळक आणि निळ्यात फिकी. एकाच फोटोवर दोन्ही असतील तर पुन्हा दोन थर आणि मास्क. यामुळे क्लोन ब्रशचं (शेजारचा भाग उचलून डागावर चिकटवण्याचं) अर्धं काम वाचतं. ४×६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, ८×१२ ला ते ३०० प्रतिइंचाने पुरतात.

शोकपत्रासाठी बहुधा व्हॉट्सॲपवरचा ग्रुप फोटो येतो, लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास, त्यात चेहरा २०० पिक्सेलचा. घरच्यांकडून मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवून घ्या, तिथे दाबला जात नाही. दुःखाच्या घरी हे विचारायला संकोच वाटतो, पण एकदाच विचारावं लागतं.

छपाई

वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा बऱ्याच गडद होतात. पडद्यावर बरोबर दिसणारा चेहरा सकाळच्या अंकात काळा ठिक्कर येतो तो यामुळे. फाइल ग्रेस्केल द्या, सगळ्यांत गडद भाग ८५–९० टक्के काळ्यावर थांबवा (आकड्यात २५–४० च्या आसपास), पांढऱ्यात ३–५ टक्के ठेवा आणि चेहऱ्याच्या मधल्या छटा कर्व्हने १५–२० आकड्यांनी वर उचला. पडद्यावर फोटो जरा फिका वाटला पाहिजे.

फोटो लॅबमध्ये कृष्णधवल फाइलही रंगीत कागदावरच निघते, तीन रंगांतून राखाडी बनते. मशीन जरा ढळलं की हिरवी किंवा जांभळी झाक येते, आणि कृष्णधवलमध्ये ती रंगीतपेक्षा जास्त खटकते. फाइल एसआरजीबी जेपेग द्या, 'ऑटो करेक्शन बंद' असं लिहून द्या, आणि मोठ्या छपाईआधी एक ४×६ काढून दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली झाक कळत नाही. लॅब दूर असेल, फेऱ्या परवडत नसतील, तर मुद्दामच हलका उबदार टोन द्या: कर्व्हमध्ये लाल मधोमध ३ ने वर, निळा ३ ने खाली. मग मशीनची बारीक झाक त्यात लपते. शाईच्या घरगुती प्रिंटरवर 'ग्रेस्केल' निवडलं की काही मॉडेल फक्त काळी शाई वापरतात, झाक जाते पण उजळ भागात ठिपके दिसतात. पासपोर्टच्या आकाराला ते खटकतं, ए४ ला भिंतीवर लावल्यावर नाही.

या सगळ्याआधी पडदा तपासा. स्वस्त लॅपटॉपचा पडदा मान जरा वर-खाली केली की सावल्या बदलून दाखवतो. ० ते २५५ पर्यंत ११ समान पायऱ्यांची एक राखाडी पट्टी बनवून डेस्कटॉपवर ठेवा. पहिल्या दोन पायऱ्या आणि शेवटच्या दोन पायऱ्या वेगळ्या दिसतील अशी ब्राइटनेस आणि पडद्याची तिरपाई ठेवा, दाराकडे पाठ करून बसू नका, नाहीतर बाहेरचं ऊन पडद्यावर येईल. तीच पट्टी लॅबमध्ये त्या ४×६ च्या कडेला छापून घेतली तर पडद्यावरच्या कोणत्या दोन पायऱ्या कागदावर एक होतात ते कळतं, आणि पुढच्या फाइलच्या कर्व्हमध्ये त्या दोन छटांतलं अंतर वाढवायचं.